देव व्हिजिटला येत नाही



देव कुठे असतो, असे गावातल्या लहान पोराला विचारले तर ते देवळाकडे बोट दाखवील. थोडे जाणते पोर असेल तर म्हणेल, आमच्या देव्हाऱ्यात. एखाद्या म्हाताऱ्या माळकऱ्याला विचारा, तो हसून उलट विचारील, नाही कुठे ते आधी सांग! तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. आज मात्र मी तुमच्याशी चौथ्याच घराविषयी बोलणार आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत पाच-दहा घरे ख्रिस्ती असतात. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तर ती जास्तच. नांगर, पाभर, बैल, कर्ज, सोसायटी, सगळे आपल्यासारखेच. पण घरात शिरावे तर देव्हारा दिसत नाही. भिंतीवर एखादा क्रूस, एखादी तसबीर. त्यावरून कितीतरी जणांचा समज होतो की, यांचा देव रविवारी चर्चमध्ये भेटतो आणि बाकीचे सहा दिवस त्याचे नि यांचे काही देणेघेणे नसते. हा समज खरा नाही. का खरा नाही, ते माझ्या पाहण्यातले आणि वाचण्यातले सांगतो.

माझी ओळख एका ओळीत. मी माळकरी घरातला, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा बी.एस्सी. (कृषी), नोकरी शेतीखात्यात. बहुतेक नोकरी नगर जिल्ह्यात झाली, मधली काही वर्षे वसईकडे काढली. तेव्हा मी काही कुणाला धर्म शिकवायला बसलेलो नाही. शेजाऱ्याच्या घरात काय चालते ते शेजाऱ्याला नीट ठाऊक असावे, एवढेच माझे म्हणणे.

सुरुवात गोठ्यापासून करू. नाताळाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला, योसेफ आणि मरिया बेथलेहेमला आले, उतरायला जागा मिळाली नाही आणि बाळ जन्मले ते आईने गव्हाणीत निजवले. मराठी बायबलात शब्दच गव्हाण आहे. शहरातल्या वाचकाला गव्हाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, तुम्हाला नाही. कडब्याची कुट्टी टाकायची, जनावरांच्या जिभांनी आतून गुळगुळीत झालेली ती जागा. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशी की, ज्याने आभाळ आणि माती केली तोच त्या गव्हाणीत येऊन निजला. याला ते देहधारण म्हणतात. बाळाला लावलेले एक नाव आहे इम्मानुएल. हिब्रू भाषेतले नाव आहे, त्याचा अर्थ देव आपल्या संगती. त्यांच्या धर्माचा सारा गाभा त्या एका नावात आहे असे म्हणायला हरकत नाही. देव वर बसून हिशेब लिहितो एवढेच ते मानत नाहीत. तो खाली आला आणि आपल्यात राहिला, असे मानतात.

राहिला तो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानात लिहिले आहे की, येशूने उपदेशाला सुरुवात केली तेव्हा त्याचे वय सुमारे ३० वर्षांचे होते. त्यानंतरचे काम अवघ्या दोन-तीन वर्षांचे. मग आधीची तीस वर्षे काय केले? तर नासरेथ नावाच्या लहानशा गावात सुतारकाम. त्या काळातला एकही चमत्कार शुभवर्तमानात सांगितलेला नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा एक ख्रिस्ती लेखक होऊन गेला. तो लिहितो की, येशू नांगर आणि जू करीत असे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या गावचा सुतारही तेच करीत असे आणि खळ्यावर बलुते घेऊन जात असे. पुढे हाच येशू थकल्याभागल्या लोकांना सांगतो की, माझे जू घ्या, ते सोयीचे आहे. जू वाईट तासले तर बैलाला खांदेसूज येते, हे तुम्हाला मी काय सांगावे? असले वाक्य ज्याने स्वतः जू तासले आहे त्याच्याच तोंडी शोभते.

त्याच्या गोष्टीही अशाच, सगळ्या घरातल्या आणि रानातल्या. एका बाईने पिठात थोडे खमीर मिसळले आणि सगळे पीठ फुगून आले. एका बाईच्या दहा नाण्यांतले एक हरवले, तिने दिवा लावून घर झाडून काढले आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद केला. पेरणाऱ्याच्या मुठीतले काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीत, काही काट्यात आणि काही चांगल्या जमिनीत. चांगल्या जमिनीत पडले ते कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट आले. प्रात्यक्षिक प्लॉटवर चार प्रकारच्या जमिनी दाखवाव्यात तशी ही गोष्ट आहे, मी ती शेतीशाळेत सांगितलीही आहे. या गोष्टींत राजे, हत्ती, सोन्याच्या लंका फारशा नाहीत. झाडू आहे, पीठ आहे, बी आहे. देवाचे राज्य कसे असते ते सांगायला त्याला एवढे सामान पुरले.

त्याच्याही आधीच्या, यहुदी लोकांच्या शास्त्रात एक नियम आहे. पीक कापताना शेताचे कोपरे पार कापायचे नाहीत आणि पडलेली कणसे मालकाने वेचायची नाहीत. ती गरिबासाठी आणि परक्या मुलखातून आलेल्यासाठी सोडायची. आपण त्याला सरवा म्हणतो. रूथ नावाची विधवा सून सासूला पोसायला जवाचा आणि गव्हाचा सरवा वेचते, अशी एक फार सुंदर गोष्ट त्यात आहे. येशूने हे आणखी पुढे नेले. भुकेल्याला जेवू घातलेत ते मलाच, आजाऱ्याला भेटलात ते मलाच, असा त्याच्या शिकवणीचा अर्थ आहे. म्हणजे या लोकांच्या मते देव सरवा देणाऱ्याकडे आहे आणि वेचणाऱ्याच्या ओट्यातही आहे. हार्वेस्टर आल्यापासून सरवा राहिलाच नाही ही गोष्ट वेगळी. त्यावर कधीतरी निराळे लिहीन.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, देव घरात आहे म्हणता, दिसत तर नाही. बरोबर आहे. पण आपल्या रब्बीच्या ज्वारीकडे पाहा. मालदांडी आपण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरतो. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. चार महिने वरून थेंब नाही, तरी काळ्या रानात ताटे उभी राहतात, निसवतात, कणसे भरतात. कशावर? खाली साठलेल्या ओलीवर. वरून पाहणाऱ्याला रान कोरडे ठक्क दिसते, भेगाही पडलेल्या असतात. ओल कुठे आहे ते मुळाला ठाऊक. ख्रिस्ती लोक पवित्र आत्मा म्हणतात त्याविषयी एका पाळकांनी मला पुष्कळ समजावून सांगितले, त्यातले सगळे मला उमगले असे नाही. पण मी त्यांना हे ओलीचे उदाहरण दिले तेव्हा ते म्हणाले, साहेब, पुढच्या रविवारी मी हेच सांगणार. सांगितले की नाही, ते मी विचारले नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भांडे म्हणजेच देव, झाड म्हणजेच देव, असे ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. भांडे देवाने दिलेल्या धातूचे, झाड देवाने केलेले; देव त्यांच्यापाशी आहे, पण तेच देव नव्हेत. आपल्या बोलण्यात आणि त्यांच्या बोलण्यात हा फरक राहतो. तो मिटवून टाकावा असे मला वाटत नाही. शेजारी म्हणून राहायला दोन्ही घरांच्या भिंती एकच असाव्या लागत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. फ्रान्स देशात सतराव्या शतकात एक मठ होता. तिथे ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक होता. आधी तो सैन्यात शिपाई होता, लढाईत पाय अधू झाला. अठरा वर्षांचा असताना त्याने हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्याच दिवसांत याला पाने फुटतील, मग फुले, मग फळे, असे मनात आले आणि त्या क्षणी देवाच्या सामर्थ्याची जी खूणगाठ बसली ती जन्मभर सुटली नाही. पुढे पॅरिसच्या मठात त्याला काम मिळाले ते स्वयंपाकघरातले. हे काम त्याला मुळीच आवडत नसे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. तरी पंधरा वर्षे त्याने ते केले. नंतर चपला दुरुस्त करीत बसला. त्याचे म्हणणे एवढेच की, प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकून देवाशी जितके जवळ असावे तितकेच मी भांड्यांच्या खणखणाटात असतो. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ अशा दोन वेळा मला नाहीत. १६९१ साली तो वारला. त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली बोलणी लोकांनी मागाहून छापली, आणि आज तीनशेहून अधिक वर्षे लोक ती वाचतात. मोठमोठे धर्मपंडित विसरले गेले, हा आचारी राहिला.

हे ऐकून तुम्हाला अरणचे सावता महाराज आठवले असतील. मलाही आठवले. मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणारा आणि पंढरीला न जाता पंढरी मळ्यात आणणारा तो माळी. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले ते १८९५ साली. पण तुकोबांना त्यांनी सोडले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. भजन, अभंग, कीर्तन हे सगळे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. म्हणून आजही नगरकडच्या खेड्यात रविवारी चर्चच्या खिडकीतून टाळ-पेटीचा आवाज येतो आणि नवखा माणूस थबकतो. टिळक काही वर्षे राहुरीला राहत होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. गावच्या वाचनालयात असतील तर जरूर वाचा. देवाविषयी मोठाले शब्द त्यात फार सापडणार नाहीत. सापडतील ते सोवळे-ओवळे, दारी आलेली माणसे, अनाथ पोरे, साथीचे दिवस, नवऱ्याचा विसराळूपणा. देव या सगळ्याच्या आतूनच त्यांच्याकडे आला. आधी सोवळे सुटले, मग परक्याचे पोर आपले झाले. हसवता हसवता ती बाई आपल्याला कुठे नेते ते कळतही नाही.

वसईकडे असताना मी हेच वेगळ्या रूपात पाहिले. तिथले ख्रिस्ती शेतकरी कॅथलिक. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला करणारे. राजेळी केळ्यांची सुकेळी तुम्ही कदाचित चाखली असतील. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथे आगेरा नावाचा सण करतात. नव्या भाताच्या लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघर नेतात. गोव्यात कणसांचे फेस्त असते तेही याच जातीचे. रायला ते ५ ऑगस्टला होते. आपण दसऱ्याला नवे धान्य आणतो, दाराला लोंब्या बांधतो, तसेच. पहिले पीक घरात यायच्या आधी ज्याचे त्याला दाखवायचे, मग खायचे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तर धर्मगुरू असूनही जमीन, विहिरी आणि हिरवा पट्टा वाचवायला रस्त्यावर उतरले होते. ते पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले. चर्चमध्ये देवाचे नाव घ्यायचे आणि बाहेर विहिरी खाऱ्या होताना पाहत बसायचे, हे त्यांना जमले नाही.

आणि आमच्या नगरकडचे फादर हर्मन बाखर! मूळचे स्वित्झर्लंडचे, १९४८ साली इकडे आले आणि जन्म या दुष्काळी पट्ट्यात काढला. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. डोंगरमाथ्यावरून खाली पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे आणि ते गावाने स्वतः अडवायचे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. पाणलोटाचे काम आमचे खातेही करते, त्यामुळे मी जाणूनबुजून सांगतो : कागदावरचे समपातळी चर आणि रानातले समपातळी चर यांत अंतर असते, ते अंतर कमी करायला माणूस तिथे राहावा लागतो. अधूनमधून येऊन भागत नाही. बाखरबाबा राहिले.

आता अवघड भागाकडे येतो. वरचे सगळे ठीक आहे. गव्हाण ठीक, जू ठीक, आगेरा ठीक. पण पीक गेले म्हणजे? विहीर आटली, बाग जळाली, सावकार दारात आला, तेव्हा घरातला हा देव कुठे असतो? हा प्रश्न तुम्हाला पडतो, मला पडतो, आणि ख्रिस्ती घरात तर फारच टोचतो. कारण ज्यांचा देव लांब आहे त्यांना, त्याला ऐकू गेले नसेल, असे तरी म्हणता येते. ज्यांचा देव चुलीपाशी आहे त्यांनी काय म्हणावे?

नगर जिल्ह्यातल्या एका गावातले एक कुटुंब आहे. गाव आणि नावे सांगत नाही. घरात एक विधवा म्हातारी, मी त्यांना मावशी म्हणत असे; त्यांचा चाळिशीचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. दोन एकर डाळिंब, सहाशेच्या आसपास झाडे. आधी तेल्या आला. दमट हवेत दोन हंगाम फळांवर काळे तेलकट डाग पडून फळे तडकली, आणि कॅरेट भरायचे ते उकिरड्यात गेले. त्यावर २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, गावाला टँकर सुरू झाला. सोसायटीचे कर्ज होतेच, वर बाहेरचे.

त्या उन्हाळ्यात बागांच्या पाहणीसाठी मी त्या घरी गेलो. मावशींनी नेहमीप्रमाणे सलाम केला. मुलगा ओट्यावर बसला होता, त्याने मान वर केली नाही. मी बाग पाहून आलो तेव्हा मावशींनी मला घरामागे नेले आणि हळूच म्हणाल्या, “साहेब, फवारणीचं समदं औषध म्या पेटीत घालून कुलूप लावलंय. किल्ली हितं,” आणि त्यांनी कनवटीवर हात ठेवला. “रातच्याला उंबऱ्यात आडवी निजते. त्यो उठला की मी बी उठते. पानी पितो, अंगनात हुबा ऱ्हातो, मागारी येऊन पडतो. दोन म्हयने झालं.”

वाचकहो, असली किल्ली कनवटीला लावून निजणाऱ्या आया आपल्या राज्यात किती असतील, याचा विचार करून पाहा.

मग त्यांनी आम्हाला जेवायला बसवले. भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि पातळ पिठले. सून, नातवंडे, सगळी बसली. मावशींनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. पाठ केलेली नव्हे, बोलल्यासारखी. पावसासाठी मागितले, टँकरवाल्याच्या आजारी बायकोसाठी मागितले, नातीच्या परीक्षेसाठी मागितले, एवढेच काय, या साहेबाला उन्हातान्हात फिरावे लागते म्हणून माझ्यासाठीही मागितले. तेवढ्यात मुलगा ताटावरून उसळून म्हणाला, “कुनाशी बोलतीस गं आई? कोन हाय हितं?”

सगळे गप्प झाले. मावशींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “द्येव काय ह्या साहेबावानी हाय का, म्हयन्यातून येकदा व्हिजिटला येनारा, रजिष्टरात सही करून जानारा? त्यो हितंच हाय. रातच्याला अंगनात तुझ्यासंगं हुबा अस्तो की.”

माझी व्हिजिट अशी निकालात निघाली आणि मला त्याचे हसूही आले नाही. मुलगा म्हणाला, “मग करीत काय न्हाई?” याला मावशींनी उत्तर दिले नाही. भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली.

उत्तर दिले नाही, हे मला फार मोलाचे वाटले. कारण या प्रश्नाला गोड उत्तरे देणारे खूप भेटतात. त्यात सगळ्या धर्मांचे आहेत. तुझीच भक्ती कमी पडली म्हणणारे, अमुक विधी कर म्हणजे बाग सुधारेल म्हणणारे, आणि त्याचे पैसे घेणारे. ख्रिस्ती शास्त्र मात्र असे वचन देत नाही. पाऊस नीतिमानाच्या आणि अनीतिमानाच्या शेतावर सारखाच पडतो, असे येशूनेच सांगून ठेवले आहे, म्हणजे दुष्काळही सारखाच पडणार. आणि येशूचा शेवट क्रूसावर झाला. तिथे तो स्वतःच मोठ्याने ओरडला की, देवा, तू मला का टाकलेस? मुलाने ताटावर बसून जे विचारले ते त्याच्या देवानेच आधी विचारून ठेवले होते. म्हणून मावशींना मुलाचा राग आला नसावा. त्यांच्या श्रद्धेत देव जवळ आहे याचा अर्थ संकट येणार नाही असा नाही. संकटात आपण एकटे नाही, एवढाच आहे. एवढ्याने भागते का, हे ज्याच्यावर वेळ येते त्याने ठरवावे. मी पाहिले ते असे की, उंबऱ्यात आडवे निजायला आणि दोन महिने जागायला मावशींना बळ कुठून तरी मिळत होते.

त्या वर्षी, २०१३ ला, पाऊस बरा झाला. जुलैत मुलाचा फोन आला की, जेसीबी सांगितला आहे, सगळी बाग काढून टाकतो. मी गेलो. मावशी बागेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी मला अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. एका माणसाच्या मळ्यात अंजीर होते, तीन वर्षे त्याला फळ नाही. मालक म्हणाला, तोडून टाक, उगाच जागा अडवतेय. माळी म्हणाला, धनी, एवढे वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो. आले तर आले, नाही तर मग तोडा. मी म्हटले, “मावशी, तुमच्या माळ्याचा सल्ला आमच्या पुस्तकातही तसाच आहे. आळे मोकळे करा, कुजलेले शेणखत घाला, झाडाला विश्रांती द्या. पुरंदरचे अंजीरवाले हेच करतात.” मग मुलाला म्हटले, “दादा, सगळी काढू नका, सगळी ठेवूही नका. आपण दोघे ओळीने फिरू.” खोड-फांद्या किती खाल्ल्या आहेत ते पाहून आम्ही झाडांना चुना लावला. दीडशे ठेवायची, बाकीची काढून जाळायची. ठेवलेल्यांची रोगट फांदी कापायची, एक टक्का बोर्डोमिश्रण मारायचे, चार महिने बहार धरायचा नाही.

रविवारी उपासना आटोपून चर्चमधली माणसे कोयते, कात्र्या घेऊन आली. शेजारच्या वस्तीवरचीही आली. त्यांत ख्रिस्ती किती नि इतर किती हे मी मोजले नाही. दिवसभर कापणे आणि जाळणे चालले. मुलगा कुणाशी फार बोलला नाही, पण संध्याकाळी सगळ्यांना चहा त्यानेच वाटला.

दीडशेतली चाळीस झाडे पुढे गेलीच. एकशे दहा राहिली. मोकळ्या झालेल्या रानात कांदा आणि ज्वारी घेतली. डाळिंबाचे पहिले फळ निघाले तेव्हा फार पैसे झाले नाहीत, पण बाहेरच्या कर्जाचे तोंड बंद झाले. शुभवर्तमानातल्या त्या अंजिराला पुढच्या साली फळ आले की नाही, हे मात्र तिथे सांगितलेले नाही. माळ्याच्या बोलण्यावरच ती गोष्ट थांबते. मी एकदा मावशींना विचारले, आले असेल का हो? त्या म्हणाल्या, “त्ये माळ्याला ठावं.”

पेटीची किल्ली त्यांनी २०१५ च्या फवारणीच्या वेळी कनवटीची सोडली आणि सुनेच्या हातात दिली. मुलाच्या हातात दिली नाही.

मावशी २०१९ साली गेल्या. मधूनमधून मी अजून त्या घरी जातो. जेवणाआधीची प्रार्थना आता सून करते, सासूसारखीच, बोलल्यासारखी. मुलगा त्या वेळी डोळे मिटत नाही. काही म्हणतही नाही. पण बाकीच्यांचे होईपर्यंत भाकरीचा तुकडा हातात धरून थांबतो, आणि मग जेवायला लागतो.